जेवल्याशिवाय नाव विचारू नये

माझ्या सासूबाई पाहुण्याला जेवल्याशिवाय नाव विचारत नाहीत. हा त्यांच्या घरचा नियम, आणि त्यांचं घर म्हणजे सारसोळे गावातली आमची अख्खी आळी, कारण बाकीच्या घरांतही शब्द त्यांचाच चालतो. लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीला आमच्याकडे लांबलांबच्या कोळीवाड्यांतून माणसं येतात. एका घरात मावत नाहीत. मग सासूबाई अंगणात उभ्या राहून पाहुणे वाटतात. तुमच्याकडे चार, तुमच्याकडे सहा, म्हातारी तेवढी माझ्याकडे, तिचे गुडघे धरलेत, तिला खाट लागेल. ज्याच्या वाट्याला जे येतील त्यांना त्यानं अंघोळीला पाणी द्यायचं, जेवू घालायचं, अंथरूण घालून द्यायचं. तू कुणाचा, नवरीचा कोण लागतोस, हे जेवण होईपर्यंत तोंडातून काढायचं नाही. आधी विचारलं तर पाहुण्याला वाटतं, उत्तर बरोबर आलं तरच ताट मिळणार.

मी जन्मानं कोळी नाही. माझे वडील साताऱ्याकडचे, मार्केटात माथाडी. मी वाढले कोपरखैरण्याला. आमच्याकडे सगळा उलटा कारभार. दारात आलेला माणूस गाव, भावकी आणि मामाचं घर सांगून मोकळा होतो, मग त्याला चहा मिळतो. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीला मी एका पाहुण्या बाईला भात वाढता वाढता आडनावापासून सगळं विचारून घेतलं. सासूबाई चारचौघांत काही बोलल्या नाहीत. नंतर भांडी घासताना हळूच म्हणाल्या, "पोलीस चौकीत कामाला व्हतीस काय गो?" मला ते लागलं होतं. आता हसू येतं, पण तेव्हा लागलं होतं.

मी ब्लाउज शिवते. पुढच्या खोलीत मशीन आहे, खिडकीतून गल्ली दिसते, त्यामुळे गावात काय चाललंय ते मला शिवता शिवता कळतं. आग लागली तेव्हा मी बाही जोडत होते. थंडी सरत आली होती, खाडीवरचा वारा सुटला होता, जेवणं उरकून बायका जरा आडव्या झाल्या होत्या. आधी धडाम् असा आवाज आला, मग जळक्या प्लॅस्टिकचा वास, आणि मग गल्लीतून कुणीतरी ओरडत गेलं की पत्र्याच्या खोल्या पेटल्या.

गावामागे रस्त्यापलीकडे टॉवरचं काम चालू होतं, आणि त्या कामावरचे लोक तिथंच पत्र्याच्या आणि प्लायवूडच्या खोल्या करून राहात होते. आमचा त्यांच्याशी संबंध म्हणजे संध्याकाळी बायका मासळी घ्यायला यायच्या, एवढाच. त्या दिवशी खारघरच्या दुसऱ्या साइटवर स्लॅब टाकायचा होता. स्लॅबचं काम एकदा सुरू झालं की पुरं होईपर्यंत थांबवता येत नाही, म्हणून ठेकेदारानं सकाळीच झाडून सगळ्या बाया-पुरुषांना टेम्पोत घालून नेलं होतं. मागे राहिली होती पोरं, आणि त्यांना सांभाळणारी एक म्हातारी. त्या म्हातारीनं जिवावर उदार होऊन पोरं बाहेर ओढली. शेवटचं पोर काढलं आणि स्वतः धुरानं खाली पडली. तिला ॲम्ब्युलन्स घेऊन गेली, आणि कुठलं पोर कुणाचं हे ठाऊक असलेलं एकमेव माणूस तिच्याबरोबर गेलं. हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

आम्ही पोचलो तोवर गावातल्या पोरांनी मुलांना गावदेवीच्या देवळापुढे आणून बसवलं होतं. काळी ठिक्कर झालेली पोरं. अनवाणी, खोकत होती, काही रडत होती, आणि काही अजिबात रडत नव्हती. न रडणारी बघवत नव्हती. सासूबाईंनी पदर खोचला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बगत काय उभ्या ऱ्हायल्यात? पोरं उनात हायेत. पानी पाजा आधी." पाणी पाजून झालं, आणि मग त्यांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. पोरं वाटली. तुझ्याकडे दोन, तुझ्याकडे तीन, तुझं घर लहान हाय तू एक घे. बघता बघता देवळाचं अंगण रिकामं झालं. मला तेव्हा माझ्या सासूचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. सरकारी जीप अजून रस्त्यात होती, आणि आमच्या गावात एकूण एक पोराला छप्पर मिळालं होतं.

आमच्या वाट्याला तिघं आली. एक सात-आठ वर्षांची मुलगी, तिच्यापेक्षा लहान एक मुलगा, आणि मुलीचा हात घट्ट धरून चालणारी, जेमतेम तीन वर्षांची एक चिमुरडी. तिघं भावंडं, हे आम्हीच ठरवून टाकलं. विचारायचं तर नव्हतंच, आणि हात असा धरलेला असल्यावर विचारायचं काय?

सासूबाईंचं स्वच्छतेचं वेड हा आमच्या घरातला वेगळाच अध्याय आहे. मासळी विकणाऱ्या बाईच्या घरात माशाचा वास येतो असं कुणी म्हटलेलं त्यांना चालत नाही. फरशी दिवसातून कितीदा पुसतात ते मी मोजणं सोडून दिलंय. त्यांनी बंब पेटवला, तिघांना ओळीनं बसवलं आणि घासलं. मानेच्या मागे, कानाच्या पाळीत, नखांत, जिथं जिथं काळं होतं तिथं तिथं. मग खोबरेल, पावडर, काजळ. गालाला तीट. मोठीच्या घट्ट दोन वेण्या घातल्या. धाकटीचे केस तोकडे होते, तरी डोक्यावर कारंज्यासारखा एक झुपका बांधलाच. अंगावरचे कपडे काढून मागच्या मोरीत बादलीभर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवले. पोरगा माझ्या मुलाच्या जुन्या शर्टात आला, मोठीला भाचीचा पंजाबी ड्रेस झाला. धाकटीच्या मापाचं घरात काही नव्हतं, म्हणून मी ब्लाउजपीसमधलं उरलेलं लाल कापड घेतलं आणि नुसत्या नजरेच्या मापानं तिला फ्रॉक शिवला. गळा जरा मोठा झाला. खांद्यावरून सारखा घसरत होता.

जेवायला डाळ-भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. मासे चालतात का, हेही नियमानुसार विचारलं नाही. चालत होते. मोठी दोघं बोटं चाटत जेवली. धाकटी मात्र ताटाकडे बघतसुद्धा नव्हती. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं, भात मऊ कालवला आणि चिमणीचा, काऊचा करत एकेक घास भरवला. ती मुकाट्यानं खात होती. तोपर्यंत तिनं तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. अंघोळ घालताना डोळ्यांत साबण गेला तरी रडली नव्हती. "मुकी हाय काय गो ही?" सासूबाई कुजबुजल्या. मी म्हटलं, "घाबरलीय." मग तिघंही गादीवर जी पडली ती गाढ झोपली, आणि सासूबाई त्यांना वारा घालत बसल्या. पंखा चालू होता, तरी.

या सुमाराला एका संस्थेची पोरगी गावात आली. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, जेमतेम पंचविशीची. आपत्तीत मुलांसाठी काम करणारी संस्था, असं तिनं सांगितलं. पालिकेच्या शाळेचे वर्ग उघडले होते आणि घर जळालेल्यांची तिथं सोय होणार होती. ती शाळेत गेली तर तिथं एकही मूल नाही. देवळात आली तर तिथंही नाही. आमच्या दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, मुलं कुठायत सगळी?"

"घराघरांत हायेत. जेवून झोपल्यात," सासूबाई समाधानानं म्हणाल्या.

"कोण कुणाच्या घरी आहे?"

"हायेत ना गावातच. कुठं जातात?"

त्या पोरीनं डोक्याला हात लावला. मग शांतपणे समजावू लागली की अशा वेळी मुलांना एकत्र ठेवावं लागतं, त्यांचे आईबाप आले की शोधता आलं पाहिजे, आणि उद्या कुणीही येऊन माझं पोर म्हणाला तर देऊन टाकायचं का? सासूबाईंचा चेहरा बदलला. त्यांच्या पाहुणचारात खोट काढलेली मी पहिल्यांदाच बघत होते. "पोरांना शालेच्या थंड फरशीवर झोपवू? उपाशी?" त्या म्हणाल्या. "तू जेवलीस काय? नाय ना? मंग आधी जेव." पोरगी जेवली नाही, हा तिचा दुसरा गुन्हा. ती घरोघर फिरायला निघाली. जाण्याआधी आमच्या गादीकडे बघून तिनं विचारलं, "ही तिघं?"

"भावंडं हायेत."

"नक्की?"

"मंग? मीच न्हाऊ घातलंय त्यांना," सासूबाई म्हणाल्या.

दुपार उतरली तसे आईबाप येऊ लागले. कुणी टेम्पोनं, कुणी मिळेल त्या रिक्षानं. स्लॅब अर्धा टाकून ठेकेदाराच्या शिव्या खात आले होते ते. ती पोरगी प्रत्येकाला घेऊन घराघरात जायची, पोर बापाला ओळखतंय का बघायची, मगच द्यायची. गल्लीतून रडण्याचे आवाज येत होते, पण ते चांगलं रडणं होतं. आणि मग देवळावरचा भोंगा वाजला. एक तीन वर्षांची मुलगी सापडत नाही. अंगात पिवळा फ्रॉक, केस मोकळे. कुणाकडे असेल तर ताबडतोब देवळात आणा.

शेजारीण धावत आली आणि तिनं सांगितलं की त्या मुलीची आई कानडी आहे, एकटीच असते, नवरा गावाकडे गेलाय. सकाळी पोरगी झोपलेली होती, म्हणून म्हातारीला सांगून तिला खोलीतच ठेवून गेली होती. आता जळलेल्या खोलीच्या जागेवरून हलायला तयार नाही. राख उकरतेय. अग्निशमनची माणसं तिला बाजूला घेतात, तर पुन्हा तिथंच जाऊन बसते. भोंग्यातून परत आवाज आला: पिवळा फ्रॉक. सासूबाईंनी गावदेवीच्या दिशेनं हात जोडले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "सापडू दे गो आई. कोनाचं पोर असं जाऊ नये." आणि मांडीवर डोकं ठेवून झोपलेल्या लाल फ्रॉकवालीच्या पाठीवरून त्यांचा हात फिरत होता.

आमच्याकडे साताऱ्याला म्हणतात, काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती म्हण मी लहानपणापासून चष्मा शोधणाऱ्या आजोबांवर वापरत आले. तिच्यात एवढं भय असेल असं कधी वाटलं नव्हतं.

दिवेलागणीच्या आधी ती संस्थेची पोरगी एका माणसाला घेऊन आमच्या दारात आली. त्याला बघताच मोठी मुलगी आणि मुलगा गादीवरून उठून त्याच्या पायांना मिठी मारून रडायला लागले. तोही रडला. सासूबाईंनी धाकटीला अलगद उचलून त्याच्यापुढे धरलं. त्यानं डोळे पुसले, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ये हमारी नहीं है."

मग त्या पोरीनं खालच्या आवाजात विचारलं, "मावशी, ही आली तेव्हा अंगात काय होतं?"

"कायतरी काळं व्हतं," सासूबाई म्हणाल्या. "समद्यांचंच काळं व्हतं."

मी मोरीत गेले. बादलीतलं पाणी डांबरासारखं झालं होतं. हात घालून चाचपत सगळ्यात लहान कपडा वर काढला. वरून तो अजून काळाच होता. पण मी कपडे शिवणारी बाई. मी तो उलटा केला आणि शिवण फाकवली. दोन टाक्यांच्या मध्ये, जिथं धूर पोचत नाही, तिथं कापड पिवळं धमक होतं.

मी तो तसाच पाणी गळत पुढच्या खोलीत आणला. सासूबाईंनी पाहिला मात्र, त्यांनी पोरीला कडेवर घेतलं आणि चपला न घालता दाराकडे निघाल्या. "चल. ती बाई येड्यावानी राख उकरते, चल."

संस्थेची पोरगी दारात आडवी उभी राहिली. "मावशी, बाळाला तिथं नका नेऊ. तिनं ती आग पाहिलीय. परत त्या जागी नको. आईला इथं आणू." मला वाटलं आता सासूबाई हिला हातानं बाजूला करतात. त्यांनी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, मग कडेवरच्या जिवाकडे. आणि थांबल्या. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दुसऱ्या कुणी सांगितलं म्हणून त्या थांबल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "तू जा," त्या मला म्हणाल्या. "पल."

मी पळाले. हातातला ओला फ्रॉक खाली ठेवायचं मला सुचलंच नाही.

खोल्या होत्या तिथं आता वाकलेले पत्रे होते आणि अजून धुमसत होतं. ती बाई उकिडवी बसून सळईच्या तुकड्यानं राख उलटीपालटी करत होती. डोक्यापासून पायापर्यंत राखेनं माखलेली. साडी कुठल्या रंगाची ते कळत नव्हतं, तोंडावर फक्त डोळे दिसत होते. मी धापा टाकत तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. तिनं वर पाहिलं. तिला मी दिसले नाही. तिला माझ्या हातातला फ्रॉक दिसला, ओला, लहानसा, आणि त्यात कुणी नव्हतं.

ती बसल्या जागी कलंडली. मी फ्रॉक फेकला, तिचे खांदे धरले आणि येईल त्या भाषेत ओरडले, "है! जिंदा है! खाना खाके सोयी थी, मेरे घर में है, अच्छी है!" तिला कळत होतं की नाही कोण जाणे. मी तिला अक्षरशः ओढत आणलं. वाटेत तिनं माझं मनगट असं धरलं होतं की पुढे दोन दिवस तिथं काळंनिळं होतं. मला ते बरं वाटत होतं.

आमच्या दारात येऊन ती थबकली. आत फरशी लखलखत होती आणि तिचे पाय काळे होते. सासूबाई आतून म्हणाल्या, "ये गो, आत ये." त्यांच्या फरशीवर काळी पावलं उमटत गेली आणि त्यांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाईनं हात पुढे केले. तिला बोलायचं होतं, पण ओरडून ओरडून आवाज पार बसला होता, घशातून नुसती घरघर आली.

आणि पोरगी किंचाळली. दिवसभर न रडलेली ती पोर जिवाच्या आकांतानं रडायला लागली, सासूबाईंच्या मानेला विळखा घालून, तोंड फिरवून. तिला आई दिसतच नव्हती. तिला दुपारची तीच काळी गोष्ट पुन्हा अंगावर येताना दिसत होती. आईचे हात तसेच हवेत राहिले. मी आजवर पुष्कळ वाईट पाहिलंय, पण त्या बाईच्या तोंडाकडे मला बघवलं नाही.

सासूबाईंनी पोरीला माझ्याकडे दिलं. आत जाऊन बंबातलं कोमट पाणी पातेल्यात आणलं. त्या बाईला खाली बसवलं, तिच्यासमोर स्वतः मांडी घातली, आणि पदराचं टोक पाण्यात बुडवून तिचं तोंड पुसायला लागल्या. आधी कपाळ. मग डोळ्यांच्या कडा. दुपारी पोरांना घासलं होतं तसं नाही, अगदी हळू. पातेल्यातलं पाणी काळं झालं, दुसरं घेतलं. गाल निघाले. एका गालावर खरचटलेलं होतं. नाकातली चमकी दिसली. ती बाई मान वर करून, डोळे मिटून, लहान मुलासारखी बसली होती आणि तिच्या मिटल्या डोळ्यांतून येणारं पाणीही सासूबाई पुसत होत्या.

माझ्या खांद्यावरची मुलगी रडताना मध्येच थांबली. तिनं मान वळवली. बराच वेळ पाहात राहिली. मग माझ्या अंगावरून घसरत खाली उतरली, दोन पावलं पुढे गेली, आणि आईच्या कानाजवळ जे काळं राहून गेलं होतं ते स्वतःच्या तळव्यानं पुसलं. "अव्वा," ती म्हणाली. कानडीत आईला म्हणतात ते. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला, अगदी घोगरा होता.

त्या संस्थेच्या पोरीनं पुढे मला बरंच काही सांगितलं. आगीत, पुरात, पळापळीत सगळ्यात आधी पोर आणि त्याची माणसं यांची ताटातूट होते, आणि ती बऱ्याचदा वाईट माणसांपेक्षा चांगल्याच माणसांकडून होते. कुणी दयेनं उचलून घरी नेतं, कुणी धुऊनपुसून नवे कपडे घालतं, आणि ओळखीची जेवढी खूण असते तेवढी मोरीत वाहून जाते. आता ती दर पावसाळ्याच्या तोंडावर गावात येते, बायकांना गोळा करते आणि हेच सांगते. सासूबाई तिच्या शेजारी बसतात, मध्येमध्ये तिचं बोलणं तोडून स्वतःच सांगायला लागतात. मागे करंजाड्याच्या बाजूला सखल भागात पाणी शिरलं तेव्हा तिच्याबरोबर गेल्याही होत्या, भाताचं पातेलं घेऊन. पोरांना शाळेच्या वर्गातच जेवू घातलं, चिखलानं माखल्या तोंडांनी. एक बाई रुमाल भिजवून पोराचं तोंड पुसायला गेली तर तिच्यावर खेकसल्या, "हात नको लावू. त्याच्या आयला आधी दिसू दे." ती पोरगी आता आमच्याकडे आली की जेवल्याशिवाय जात नाही. तिचं नाव सासूबाईंनी अजून घेतलेलं मी ऐकलं नाही. तिला त्या "माझी मास्तरीन" म्हणतात.

पण मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त आठवतं ते त्या संध्याकाळचं जेवण. मायलेकींना सासूबाईंनी शाळेत जाऊ दिलं नाही; पोर जिथं निजली तिथंच आई निजेल, म्हणाल्या, आणि त्या संस्थेच्या पोरीनंही आनंदानं मान डोलावली. त्या बाईनं अंघोळ केली, माझी साडी नेसली, भिंतीला टेकून बसली. मांडीवर लेक. सासूबाईंनी तिला ताट वाढलं आणि सवयीनं दोन्ही हात पुढे केले. लेकुरवाळी जेवायला बसली की घरातलं दुसरं कुणीतरी पोर घेतंच, जगाची रीत आहे ती. "दे माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "तू सुखानं जेव."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, तिच्या डोळ्यांत राग शोधूनही सापडला नसता. पण तिनं मान हलवली, डाव्या हातानं लेकीला आणखी जवळ ओढलं आणि उजव्या हातानं भात कालवायला लागली. सासूबाईंचे हात जरा वेळ तसेच राहिले. मग त्यांनी जणू त्यासाठीच हात पुढे केला होता अशा थाटात पाण्याचा तांब्या उचलला आणि त्या स्वयंपाकघरात आल्या.

मी भाकरी थापत होते. त्या माझ्या पाठीमागे ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"दिली नाय गो तिनं माझ्याकडं."

मी तव्यावर भाकरी टाकली, पाणी फिरवलं. त्यांनी नाक पदराला पुसलं. पदर अजून काळाच होता.

"मी पन नसती दिली," त्या म्हणाल्या.